मोटारसायकलमधील तेलगळती

मोटारसायकलमधील तेलगळती म्हणजे इंजिन, गिअरपेटी, प्राथमिक साखळीचे आवरण किंवा पुढील फोर्क यांमधील तेल त्याच्या बंदिस्त जागेतून बाहेर येणे होय. गॅस्केट, ऑइल सील, ओ-रिंग अथवा वॉशर निकामी होणे, बोल्टचे आटे खराब होणे, आवरणाला तडा जाणे आणि क्रँककेसमधील वायूचा दाब वाढणे ही तिची प्रमुख कारणे आहेत. भारतातील १०० ते १२५ घनसेंटीमीटर क्षमतेच्या बहुतेक मोटारसायकलींच्या इंजिनात सुमारे १ लिटर तेल असते. त्यामुळे २०० ते ३०० मिलिलिटर तेलाची घटही इंजिनाच्या दृष्टीने गंभीर ठरते. गळतीच्या निदानातील मुख्य अडचण अशी की, तेल जेथे दिसते तेथूनच ते बाहेर पडलेले असते असे नाही. गुरुत्वाकर्षणामुळे ते खाली ओघळते, तर चालत्या गाडीवरील वाऱ्यामुळे ते मागे पसरते.

स्वरूप आणि तीव्रता

तीव्रतेनुसार गळतीचे स्थूलमानाने तीन प्रकार केले जातात. पाझर या प्रकारात सांध्याभोवती तेलाचा पातळ थर दिसतो व त्यावर धूळ बसून काळा पट्टा तयार होतो, पण थेंब पडत नाही. ठिबक या प्रकारात गाडी उभी असताना जमिनीवर थेंब साचतात. धार या प्रकारात इंजिन सुरू असताना तेल सलग वाहते. पाझराबाबत तेलाच्या पातळीवर नियमित लक्ष ठेवून दुरुस्ती पुढील सर्व्हिसिंगपर्यंत लांबवता येते. ठिबकीचे कारण लवकर शोधावे लागते. धार आढळल्यास इंजिन ताबडतोब बंद करणे आवश्यक असते.

जमिनीवरील डागाच्या आकारावरून गळतीचे प्रमाण ठरवणे फसवे असते. काही गळत्या केवळ इंजिन सुरू असताना, तेलाच्या किंवा वायूच्या दाबाखाली होतात. अशा वेळी वाहनतळावर जेमतेम एखादा थेंब दिसतो, पण प्रवासात बरेच तेल गेलेले असते.

तेल बंदिस्त ठेवणारे भाग

इंजिनातील स्थिर सांध्यांवर गॅस्केट वापरले जाते. गॅरेजमध्ये त्यास सर्रास ‘पॅकिंग’ म्हणतात. ते कागद, तंतुमय पदार्थ, रबर किंवा धातूच्या पत्र्याचे असते. फिरणाऱ्या दांड्यांभोवती ऑइल सील बसवलेले असते. त्याची रबरी कड एका बारीक स्प्रिंगमुळे दांड्यावर हलकेच दाबलेली राहते. फिल्टरचे झाकण, तेल भरण्याचे झाकण, न्यूट्रल स्विच यांसारख्या ठिकाणी ओ-रिंग असते, तर तळाच्या ड्रेन बोल्टखाली तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर असते.

या यादीत ब्रीदर हा भाग बरेचदा विसरला जातो. पिस्टनच्या खाली-वर होण्याने, तसेच रिंगांमधून निसटणाऱ्या ज्वलनवायूंमुळे क्रँककेसमध्ये दाब निर्माण होतो. ब्रीदर हा दाब बाहेर सोडतो. आधुनिक गाड्यांत ब्रीदरची नळी एअर फिल्टरच्या पेटीला जोडलेली असते. ती तुंबल्यास वायू सर्वांत कमकुवत सील किंवा गॅस्केटमधून वाट काढतो व सोबत तेलही बाहेर आणतो.

कारणे

- जीर्णता: उष्णता व काळ यांमुळे रबर कडक होते, आक्रसते व त्याला भेगा पडतात. दीर्घकाळ न वापरलेल्या गाडीतही हे घडते.
- बोल्ट अतिरिक्त आवळणे: इंजिनाची आवरणे ॲल्युमिनियमची आणि बोल्ट पोलादाचे असल्याने जादा जोर लावल्यास आटे उपटून निघतात किंवा आवरण वाकते. गळती थांबवण्यासाठी बोल्ट पुन्हा पुन्हा आवळणे हेच अनेकदा मोठ्या गळतीचे मूळ ठरते.
- प्रमाणाबाहेर तेल भरणे: पातळी वरच्या खुणेपेक्षा जास्त असल्यास फिरते भाग तेल घुसळतात, त्याला फेस येतो व ते ब्रीदरमधून बाहेर पडते.
- ब्रीदर तुंबणे: चिखल, मुरडलेली नळी किंवा पाण्याबरोबर घट्ट झालेले तेल यांमुळे वायूचा मार्ग बंद होतो.
- पिस्टन रिंग व सिलिंडर झिजणे: ज्वलनवायू मोठ्या प्रमाणात खाली उतरतात व क्रँककेसमधील दाब कायमचा वाढतो.
- बेअरिंगची झीज: दांडा डगमगू लागला की नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते. साखळी फार ताणलेली असल्यास पुढील स्प्रॉकेटच्या दांड्याचे बेअरिंग लवकर झिजते.
- आघात: दगड लागणे, गाडी पडणे किंवा तुटलेली साखळी गुंडाळली जाणे यांमुळे क्रँककेसला तडा जाऊ शकतो.

गळतीची नेहमीची ठिकाणे

सिलिंडर हेडच्या वरच्या भागात टॅपेट झाकणांच्या ओ-रिंग आणि व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट ही गळतीची सामान्य ठिकाणे आहेत. येथील तेल सिलिंडरच्या पंख्यांवरून ओघळते. ते एक्झॉस्ट पाइपवर पडल्यास जळका वास येतो व धूर दिसतो. त्याखाली हेड गॅस्केट आणि सिलिंडरच्या बुडाचे गॅस्केट असते. बुडाच्या गॅस्केटची गळती वरून ओघळलेल्या तेलामुळे झाकली जाते, म्हणून वरचा भाग कोरडा असल्याची खात्री झाल्याखेरीज तिच्याविषयी निष्कर्ष काढला जात नाही.

बाजूंना क्लचचे व मॅग्नेटोचे आवरण असते. त्यांच्या गॅस्केटबरोबरच किकचा दांडा आणि गिअर बदलण्याचा दांडा यांची सीलही तपासली जातात. काही इंजिनांत मॅग्नेटोचा कप्पा कोरडा असतो. अशा कप्प्यात तेल आढळल्यास क्रँकशाफ्टचे त्या बाजूचे सील निकामी झाल्याचे ते निदर्शक मानले जाते. पुढील स्प्रॉकेटमागील सील, क्लचच्या पुशरॉडचे सील व न्यूट्रल स्विचची ओ-रिंग जवळजवळ असल्यामुळे यांपैकी नेमके काय गळते हे स्प्रॉकेटचे झाकण काढून व आतील मळी खरवडूनच कळते.

तळाशी ड्रेन बोल्ट व तेलाच्या जाळीचे झाकण असते. वरच्या कोणत्याही ठिकाणचे तेल अखेर याच जागी जमा होऊन ठिबकत असल्याने ड्रेन बोल्टवर विनाकारण संशय घेतला जातो.

निदान

द्रवाची ओळख

प्रथम गळणारा द्रव इंजिन ऑइलच आहे का, हे ठरवावे लागते. त्यासाठी गाडीखाली रात्रभर पांढरा कागद किंवा स्वच्छ पुठ्ठा ठेवतात. त्यावर पुढच्या चाकाची जागा खूण करून ठेवल्यास डाग कोणत्या भागाखाली पडला तेही समजते.

- इंजिन ऑइल: वापरलेले असल्यास तपकिरी ते काळे, बोटांना बुळबुळीत व सहसा न वाळणारे.
- फोर्कचे तेल: अधिक पातळ. फोर्कच्या चकचकीत नळीवर गोल कडे किंवा खाली ओघळ दिसतो.
- ब्रेक ऑइल: डॉट ३ व डॉट ४ प्रकारचे द्रव फिकट पिवळसर असतात, पाण्यात मिसळतात व रंग खराब करतात. त्यांची गळती असताना वाहन चालवणे धोकादायक असते.
- शीतक: हिरवा, लाल किंवा निळा, गोडसर वासाचा. केवळ द्रवशीतित इंजिनांत आढळतो.
- साखळीचे वंगण: चिकट व काळे. ते मागील रिमवर आणि स्प्रॉकेटच्या झाकणात उडते. अनेकदा यालाच इंजिनाची गळती समजले जाते.

स्वच्छता आणि माग

मळलेल्या इंजिनावर गळतीचे मूळ शोधता येत नाही. म्हणून थंड इंजिन डीग्रीझर व ब्रशने धुऊन पूर्ण कोरडे केले जाते. गॅरेजमध्ये यासाठी रॉकेल किंवा डिझेलही वापरतात. पेट्रोलने धुणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे असते, तर पाण्याचा जोरदार फवारा सील, ब्रीदर व विजेच्या जोडण्यांमध्ये पाणी घुसवतो.

स्वच्छ केलेल्या इंजिनाच्या संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरतात आणि इंजिन काही मिनिटे सुरू ठेवतात किंवा गाडी १० ते १५ किलोमीटर चालवून आणतात. तेल बाहेर पडते त्या जागी पावडर ओली होऊन गडद रेघ उमटते. ओल्या भागांपैकी सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा बिंदू हा गळतीचा संभाव्य उगम समजला जातो. गळती फार सूक्ष्म असल्यास तेलात प्रतिदीप्त रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहण्याची पद्धतही वापरली जाते.

वेळ आणि गाडीची स्थिती

गळती केव्हा होते यावरून तिची जागा बरीचशी निश्चित होते. गाडी नुसती उभी असताना होणारी गळती तेलाच्या पातळीखालच्या भागातील असते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलत असल्याने डाव्या बाजूची सील अशा वेळी तेलात बुडतात. गाडी मेन स्टँडवर ठेवल्यास ठिबक थांबत असेल, तर शोध डाव्या बाजूपुरता मर्यादित होतो. केवळ इंजिन सुरू असताना होणारी गळती दाबाखालील तेलमार्ग, ऑइल कूलरच्या नळ्या किंवा ब्रीदर यांच्याशी संबंधित असते. थंड इंजिनात होणारी व गरम झाल्यावर थांबणारी गळती कडक झालेल्या रबराकडे निर्देश करते.

दाबाची तपासणी

एकाच वेळी अनेक ठिकाणी पाझर दिसल्यास किंवा नवे सील पुन्हा गळू लागल्यास दोष सीलचा नसून दाबाचा असण्याची शक्यता तपासली जाते. प्रथम तेलाची पातळी व ब्रीदरची नळी पाहिली जाते. त्यानंतर इंजिन मंद गतीवर ठेवून तेल भरण्याचे झाकण जपून उघडले जाते. हलके फुत्कार स्वाभाविक असतात, परंतु जोरदार धूर येत असल्यास रिंगांची झीज संभवते. खात्रीसाठी सिलिंडरचा कॉम्प्रेशन दाब मोजतात. प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडल्यावर तो लक्षणीय वाढला, तर रिंगा झिजलेल्या असतात. अशा इंजिनात केवळ गॅस्केट बदलल्याने गळती कायमची थांबत नाही.

बाहेर कोठेही ओल नसताना तेल कमी होत असेल, तर ते इंजिनात जळत असते. एक्झॉस्टमधून येणारा निळसर धूर हे त्याचे लक्षण आहे.

दुरुस्ती

ड्रेन बोल्ट

तेल बदलताना वॉशर नवे घालणे हा या गळतीवरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. मऊ धातूचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा तितके घट्ट बसत नाही. आटे गेले असल्यास मोठ्या मापाचा बोल्ट ठोकून बसवण्याऐवजी छिद्रात नवे आटे पाडून पोलादी तारेची हेलिकॉइल बसवली जाते. छिद्रातील धातूचा कीस इंजिनात राहणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

गॅस्केट

आवरण काढताना बोल्ट लहान-मोठ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर आवरणाची आकृती काढून तिच्या छिद्रांत ते खोचून ठेवल्यास प्रत्येक बोल्ट मूळ जागी परत जातो. लांब बोल्ट चुकीच्या जागी आवळल्यास क्रँककेस फुटू शकते. आवरण पेचकसाने उचकटल्यास जोडपृष्ठावर ओरखडे पडतात व ते पुढील गळतीचे कारण ठरतात. म्हणून ते रबरी किंवा लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सैल करतात.

जुने गॅस्केट प्लॅस्टिक किंवा लाकडाच्या पातीने खरवडले जाते. पृष्ठ सपाट आहे का, हे सरळपट्टी व फिलर गेजने पाहतात. आवरण किंचित वाकलेले असल्यास जाड काचेवर एमरी पेपर ठेवून ते घासले जाते. आवरण जागेवर आणणाऱ्या डॉवेल पिना हरवलेल्या नाहीत याचीही खात्री केली जाते. त्यानंतर सर्व बोल्ट प्रथम हाताने लावून समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळतात. ६ मिलिमीटर व्यासाच्या आवरण-बोल्टसाठी आवळण्याचे मान साधारणतः ८ ते १२ न्यूटन-मीटर असते. नेमके मान त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेवरून घेतले जाते.

शेलॅक किंवा सिलिकॉन सीलंट गॅस्केटला पर्याय म्हणून जाडसर थापणे हानिकारक असते. आत दाबला गेलेला जादा सीलंट सुटून तेलाच्या जाळीत किंवा बारीक तेलमार्गात अडकतो. त्यामुळे बाहेरची गळती थांबली तरी आतील भागांना तेल कमी पडू शकते.

ऑइल सील

सीलवर सहसा आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये छापलेले असतात. २०-३४-७ हे त्याचे एक उदाहरण होय. जुने सील काढताना दांड्यावर व सीलच्या घरावर ओरखडा येऊ न देणे महत्त्वाचे असते. नवे सील बसवण्यापूर्वी दांडा हाताने हलवून बेअरिंगमधील ढिलेपणा पाहिला जातो. दांड्यावर सीलच्या कडेने खोबण पाडली असल्यास दांडा बदलावा लागतो किंवा जागा असल्यास सील थोडे आत-बाहेर बसवून कड नव्या पृष्ठावर आणली जाते.

नव्या सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवतात व कडेला तेल किंवा ग्रीस लावतात. दांड्याच्या धारदार खाचांवर चिकटपट्टी गुंडाळल्यास कड कापली जात नाही. सीलच्या बाहेरील व्यासाइतका सॉकेट वापरून ते सर्व बाजूंनी सारखे आत ढकलले जाते.

फुटलेले क्रँककेस

लहान तड्यावर इपॉक्सी लेप हा तात्पुरता उपाय असतो. पृष्ठ पूर्णतः तेलमुक्त नसल्यास तो टिकत नाही. कायमस्वरूपी दुरुस्तीसाठी इंजिन उतरवून ॲल्युमिनियमचे आर्गॉन वेल्डिंग केले जाते किंवा तो भाग बदलला जातो.

फोर्क सील

फोर्कच्या सीलखाली धुळीचा कण अडकल्याने गळती होत असल्यास पातळ प्लॅस्टिक पट्टी कडेखालून फिरवून तो काढता येतो. गळती कायम राहिल्यास सील बदलतात व सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात नवे तेल भरतात. नळीवर गंजाचे खड्डे पडले असल्यास नवे सीलही फाटते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या दमट, खारट हवेत हा गंज लवकर पडतो. फोर्कचे तेल डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये शोषले गेले असल्यास डिस्क स्वच्छ करून पॅड बदलावे लागतात.

अयोग्य उपाय

जाडसर तेल वापरणे किंवा सील फुगवणारी रसायने मिसळणे यामुळे गळती काही काळ कमी भासते, पण मूळ दोष तसाच राहतो. बहुतेक मोटारसायकलींत क्लच, गिअर आणि इंजिन एकाच तेलात चालतात. त्यामुळे घर्षण कमी करणारी मिश्रणे घातल्यास क्लच घसरू लागतो. अशा गाड्यांसाठी जासो एमए वर्गातील तेलाची शिफारस केली जाते.

द्विघाती इंजिनांतील गळती

यामाहा आरएक्स १०० सारख्या द्विघाती इंजिनांत क्रँककेसमधून हवा व पेट्रोलचे मिश्रण जाते, तर गिअरचे तेल स्वतंत्र असते. त्यामुळे क्रँकशाफ्टचे सील निकामी झाल्यावर तेल बाहेर दिसेलच असे नाही. क्लचच्या बाजूचे सील गेल्यास गिअरचे तेल क्रँककेसमध्ये ओढले जाऊन जळते, सायलेन्सरमधून दाट पांढरट धूर येतो व गिअरपेटीतील तेल घटते. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेल्यास बाहेरील हवा आत शिरते. मिश्रण पातळ झाल्याने इंजिन तापते व पिस्टन जाम होऊ शकतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारसायकलींत तेल फिरून परत येण्याची सोय नव्हती. चालक हातपंपाने थोडे थोडे तेल इंजिनात सोडत असे व ते जळून किंवा रस्त्यावर सांडून संपे. त्या काळी तेल बाहेर पडणे हा दोष नसून रचनेचाच भाग होता. पुढे तेल परत टाकीत आणणाऱ्या पद्धती रूढ झाल्या. हार्ले-डेव्हिडसनच्या १९३६ सालच्या ईएल या नमुन्यात अशी व्यवस्था होती.

अनेक जुन्या ब्रिटिश इंजिनांचे क्रँककेस उभ्या सांध्याने जोडलेल्या दोन भागांचे असे. हा सांधा तळाच्या तेलातून जात असल्याने तो किंचित सुटला तरी ठिबक सुरू होई. होंडाच्या १९६९ सालच्या सीबी ७५० या चार सिलिंडरच्या गाडीत आडव्या सांध्याचे क्रँककेस होते. मात्र उभा सांधा हेच गळतीचे एकमेव कारण नव्हते. आजही अनेक एक सिलिंडरी इंजिने उभ्या सांध्याची असून यंत्रकामातील अचूकता व सुधारित सील यांमुळे ती कोरडी राहतात.

भारतात १९५५ पासून मद्रास येथे एन्फिल्ड इंडियाने बुलेटची जुळणी सुरू केली. जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरपेटी आणि प्राथमिक साखळीचे आवरण यांत तेलाचे तीन स्वतंत्र साठे होते. इंजिनाच्या तेलाची टाकी क्रँककेसच्या ओतकामातच सामावलेली होती. गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास टाकीतील तेल पंपातून झिरपून फ्लायव्हीलच्या कप्प्यात उतरे. इंजिन सुरू होताच ते ब्रीदरमधून बाहेर फेकले जाई. अशा वेळी टाकीतील पातळी कमी दिसते म्हणून आणखी तेल भरल्यास गळती वाढते. त्यामुळे या गाडीत इंजिन काही मिनिटे चालवून, तेल टाकीत परतल्यावर पातळी पाहण्याचा प्रघात पडला. प्राथमिक साखळीचे आवरण मध्यभागी एकाच नटाने धरलेले असल्याने तो जादा आवळल्यास आवरण वाकून कडेने तेल येई. २००८-०९ च्या सुमारास या इंजिनांची जागा इंजिन व गिअरपेटी एकत्र असलेल्या नव्या बांधणीच्या इंजिनांनी घेतली.

धोके

तेल कमी झाल्यास कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्टचे बेअरिंग व पिस्टन यांना वंगण मिळत नाही. अनेक लहान मोटारसायकलींत तेलाच्या दाबाचा इशारा देणारा दिवा नसतो. त्यामुळे वाढलेला खडखडाट, अतिरिक्त उष्णता आणि घटलेली ताकद हेच इशारे उरतात. पिस्टन जाम झाल्यास मागचे चाक अचानक अडू शकते.

पुढील स्प्रॉकेटजवळील गळतीचे तेल साखळीबरोबर मागे जाऊन टायरवर उडते, तर फोर्कचे तेल पुढील ब्रेकवर उतरते. या दोन्ही गळत्या प्रमाणाने अल्प असल्या तरी अपघातास कारण ठरू शकतात, म्हणून त्या दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवणे टाळले जाते. रस्त्यावर सांडलेले तेल इतरांसाठीही घातक असते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींत रस्त्यावर साचलेले तेल व धूळ पाण्याबरोबर निसरडा थर तयार करतात आणि दुचाकी घसरतात.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

दुरुस्तीवेळी काढलेले तेल गटारात, जमिनीवर किंवा विहिरीजवळ ओतल्यास माती व पाणी दूषित होते. भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक व इतर कचरा व्यवस्थापनविषयक नियमांच्या कक्षेत येते व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडे जाणे अपेक्षित असते. वापरलेल्या तेलाचा त्वचेशी वारंवार संपर्क अपायकारक असल्याने काम करताना हातमोजे वापरले जातात.

प्रतिबंध

गाडी समतल जागी सरळ उभी करून, पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने तेलाची पातळी ठरावीक काळाने पाहणे हा मुख्य प्रतिबंधक उपाय आहे. तेल वेळेवर बदलणे, प्रत्येक वेळी ड्रेन बोल्टचे वॉशर नवे घालणे, ब्रीदरची नळी मोकळी ठेवणे, साखळीचा ताण योग्य राखणे आणि फोर्कची नळी पुसून ठेवणे यांमुळे बऱ्याच गळत्या टळतात. इंजिन स्वच्छ ठेवल्यास नवा पाझर थेंब पडू लागण्यापूर्वीच नजरेस येतो. दुरुस्तीनंतर १०० ते २०० किलोमीटर अंतर कापून झाल्यावर त्याच जागेची व तेलाच्या पातळीची फेरतपासणी केली जाते. सांधा कोरडा आणि पातळी स्थिर आढळल्यास दुरुस्ती यशस्वी झाली असे मानले जाते.